कायद्याला न दिसलेले : वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतील स्त्री-स्त्री प्रेम आणि विवाहाचा प्रश्न

१४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निर्णय दिला. हसन इसप हा दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेला हिंदी मुसलमान आपल्या पत्नीला, बाई मरियमला, हिंदुस्थानातून आणू पाहत होता. बहुपत्नीत्वाला मान्यता देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह या देशाच्या कायद्यात विवाह ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि बाई मरियमचा पत्नी म्हणून प्रवेशाचा हक्क नाकारला. त्या एका निर्णयाने दक्षिण आफ्रिकेतील जवळजवळ प्रत्येक हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्री कायद्याच्या दृष्टीने अविवाहित ठरली. गांधींच्या 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या ग्रंथामुळे हा प्रसंग मराठी वाचकाला अपरिचित नाही. याच कारणाने स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, कस्तुरबांनी सक्तमजुरी भोगली, आणि १९१४ च्या इंडियन रिलीफ ॲक्टने वस्तुतः एकपत्नीक असलेल्या विवाहांच्या नोंदणीची एक वाट मोकळी झाली.

या इतिहासाकडे आपण सामान्यतः स्वाभिमानाच्या लढ्याचा इतिहास म्हणून पाहतो, आणि तसा तो आहेच. परंतु त्याची एक दुसरी बाजू आहे. राज्यसंस्थेने विवाहावरच घाव घातल्यामुळे विवाह हा समाजाचा राजकीय बालेकिल्ला झाला. स्त्री कुणाची तरी धर्मपत्नी आहे, ही गोष्ट केवळ घरातली राहिली नाही. समाजाने राज्यासमोर सादर करावयाचे ते प्रमाणपत्र झाले. मुळात हिंदी मजुरांच्या स्थलांतरात स्त्रियांचे प्रमाण कमी होते. १८६० ते १९११ या काळात नाताळमध्ये करारबद्ध मजूर म्हणून सुमारे १,५२,००० माणसे आली, आणि दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात ही अटही सरकारला घालून द्यावी लागली. स्वतःच्या खर्चाने आलेल्या व्यापाऱ्यांतील अनेकांच्या बायका गावीच राहत. केपटाउनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वसलेले कोकणी मुसलमान मुख्यतः रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील. त्यांच्यापैकी कित्येकांचा संसार समुद्राच्या दोन्ही काठांवर विभागलेला होता. अशा समाजात बायको येणे आणि ती बायको म्हणून मानली जाणे याला काय मोल असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्या मोलाची किंमत कोणी चुकवली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एकोणचाळीस वर्षांनंतर, १९५२ मध्ये, दुसऱ्या एका मरियमची गोष्ट सुरू होते. शमीम सरीफ यांच्या 'द वर्ल्ड अनसीन' या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीची नायिका मिरियम हिंदुस्थानातून लग्न होऊन दक्षिण आफ्रिकेत आलेली आहे. नवरा ओमर, मुले, प्रिटोरियापासून दूर एका आडवस्तीतले दुकान, आणि सासरची माणसे. तिला अमिना भेटते. अमिना प्रिटोरियाच्या एशियाटिक बझारमध्ये कॅफे चालवते, पँट घालते, लग्नाला नकार देते. या दोघींचे एकमेकींवर प्रेम बसते. नावांचे साम्य योगायोगाचे असावे. त्यावर इमारत उभारण्याचा मोह टाळलाच पाहिजे. मात्र दोन्ही मरियमांच्या बाबतीत प्रश्न एकच आहे: राज्य कोणते नाते पाहते, आणि कोणते पाहतच नाही.

एम.ए.च्या वर्गात या कादंबरीविषयी बोलताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे राहिला आहे. ती म्हणाली, "सर, पण या दोघींच्या प्रेमाला बंदी घालणारा कायदा कोणता?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की असा कायदा नव्हता. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने माणसांच्या शय्येवर जितकी पाळत ठेवली तितकी क्वचितच कोणत्या आधुनिक राज्याने ठेवली असेल. आणि तरीही दोन स्त्रियांच्या प्रेमाविषयी त्या राज्याचा कायदा जवळजवळ गप्प होता. ही गप्पगिरी कशाची, हे नीट पाहिले पाहिजे.

१९२७ च्या इम्मोरॅलिटी ॲक्टने 'युरोपीय' आणि 'नेटिव्ह' यांच्यातील विवाहबाह्य शरीरसंबंध गुन्हा ठरवला. १९४८ मध्ये मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि लगोलग १९४९ मध्ये मिश्रविवाह प्रतिबंधक कायदा झाला. १९५० मध्ये इम्मोरॅलिटी ॲक्टची व्याप्ती वाढवून गोरे आणि सर्व बिगरगोरे यांच्यातील संबंध तिच्याखाली आणले गेले. त्याच वर्षी पॉप्युलेशन रजिस्ट्रेशन ॲक्टने प्रत्येक माणसाचा वंश सरकारी दप्तरात नोंदवण्याची, आणि ग्रूप एरियाज ॲक्टने त्या नोंदीनुसार त्याची राहण्याची जागा ठरवण्याची व्यवस्था केली. १९५७ च्या सुधारित कायद्यातील सोळाव्या कलमाने केवळ शरीरसंबंधच नव्हे तर 'अशिष्ट वर्तन'ही कक्षेत घेतले. पोलीस खिडक्यांतून डोकावत, झाडांवर दबा धरून बसत, अंथरुणाची ऊब तपासत. मात्र या सर्व तरतुदींचे वाक्य एकाच साच्याचे आहे: गोरा पुरुष आणि बिगरगोरी स्त्री, किंवा गोरी स्त्री आणि बिगरगोरा पुरुष. कायद्याची चिंता प्रेमाची नव्हती, संततीची होती. रजिस्टरातला रकाना बिघडवणारे मूल ज्या संबंधातून जन्मू शकते तो संबंध गुन्हा, आणि ज्यातून जन्मू शकत नाही तो कायद्याच्या दृष्टीने घडतच नव्हता. परस्परविरुद्ध वंशांच्या दोन स्त्रियासुद्धा सोळाव्या कलमाच्या वाक्यात बसत नाहीत. तेथे व्याकरणच आड येते.

पुरुषांची गोष्ट वेगळी होती. रोमन-डच परंपरेतून आलेला 'अनैसर्गिक' संबंधांचा गुन्हा विसाव्या शतकातील दक्षिण आफ्रिकेत पुरुषांपुरता होता. १९६६ च्या जानेवारीत जोहान्सबर्गच्या फॉरेस्ट टाउन या उपनगरातील एका मेजवानीवर पोलिसांनी छापा घातला, त्यातून १९६८ ची संसदीय समिती निघाली. कायदा कडक करण्याच्या मूळ प्रस्तावात स्त्रियांचाही समावेश होता. परंतु १९६९ च्या दुरुस्तीने जो गुन्हा निर्माण केला तो मेजवानीतील पुरुषांचा होता. स्त्रियांच्या वाट्याला आली ती जवळजवळ हास्यास्पद अशी तरतूद: 'अनैसर्गिक' कृत्यासाठी वापरावयाच्या वस्तूंच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंदी. म्हणजे कायद्याला वस्तू दिसली, माणूस दिसले नाही. स्त्री-स्त्री संबंधाचा स्पष्ट उल्लेख पुढे १९८८ च्या दुरुस्तीत येतो, आणि तोही एकोणीस वर्षांखालील मुलींच्या संदर्भात. तोवर आंतरवंशीय संबंधांवरील बंदी १९८५ मध्ये उठलेलीही होती.

साहित्याच्या अभ्यासकासाठी येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. कायदा केवळ शिक्षा देत नाही. तो कथानक पुरवतो. ॲलन पेटन यांची 'टू लेट द फॅलॅरोप' (१९५३) ही कादंबरी पाहावी. गोरा पोलीस अधिकारी आणि काळी मुलगी यांच्या संबंधाची ती शोकांतिका इम्मोरॅलिटी ॲक्टशिवाय उभीच राहत नाही. नादिन गॉर्डिमर यांच्या 'ओकेजन फॉर लव्हिंग' (१९६३) मध्ये गोरी स्त्री आणि काळा चित्रकार यांच्या प्रेमाचा अवकाश कायदा पावलोपावली आक्रसत नेतो. ॲथॉल फ्यूगार्ड यांच्या १९७२ च्या नाटकाच्या तर शीर्षकातच हा कायदा आहे: 'स्टेटमेंट्स आफ्टर ॲन अरेस्ट अंडर द इम्मोरॅलिटी ॲक्ट'. गोरी ग्रंथपाल स्त्री आणि कलर्ड शिक्षक अंधारात एकमेकांशी बोलत असतात, आणि पोलिसांच्या कॅमेऱ्याचा झोत येतो. पाळत, अटक, जबानी, खटला ही क्रमवार साखळी म्हणजे जणू तयार नाट्यरचना आहे. बंदीमुळे आंतरवंशीय प्रेम दडपले गेले हे खरे, पण बंदीमुळेच त्याविषयी बोलणे, लिहिणे, नोंदवणेही अफाट झाले. मिशेल फुको यांनी दमनाच्या गृहीतकाविषयी जे म्हटले आहे त्याचा प्रत्यय इतक्या ढळढळीतपणे क्वचित येतो. दोन स्त्रियांच्या प्रेमाला अटक नाही, म्हणून जबानी नाही. जबानी नाही, म्हणून दप्तर नाही. आणि इतिहासकार दप्तराकडेच जाणार.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा धोका आहे की कायदा गप्प होता म्हणून या स्त्रिया मोकळ्या होत्या. काहीजणी होत्याही. मेरी रेनॉ ही इंग्रज कादंबरीकार १९४८ मध्ये, म्हणजे नेमक्या त्या निवडणुकीच्या वर्षी, आपली सहचारिणी ज्यूली मलार्ड हिच्यासह डर्बनला येऊन राहिली. एका कादंबरीला हॉलिवूडच्या कंपनीकडून मिळालेले मोठे पारितोषिक हाताशी होते. दोघी पुढे केपटाउनला गेल्या आणि १९८३ मध्ये रेनॉचा मृत्यू होईपर्यंत एकत्र राहिल्या. वर्णभेदाला विरोध करणाऱ्या, १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक सॅश या गोऱ्या स्त्रियांच्या संघटनेत रेनॉ सहभागी होती. तिच्या उदारपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तिने दक्षिण आफ्रिकेत लिहिलेल्या कादंबऱ्या पाहिल्या तर एक विलक्षण स्थलांतर दिसते. स्त्री-स्त्री प्रेमाची 'द फ्रेंडली यंग लेडीज' (१९४४) इंग्लंडात लिहून झाली होती. डर्बनला आल्यावर प्रथम इंग्लंडातील युद्धकाळातले पुरुष-पुरुष प्रेम ('द चॅरियटियर', १९५३), आणि मग 'द लास्ट ऑफ द वाइन' (१९५६) पासून थेट प्राचीन ग्रीस. ज्या देशात ती पस्तीस वर्षे राहिली त्या देशावर एकही कादंबरी नाही, आणि स्वतःच्या सहजीवनासारख्या सहजीवनाला पुन्हा कादंबरीच्या मध्यभागी स्थान नाही. याला भीती म्हणावे की अलिप्तता, हा चरित्रकारांचा प्रश्न आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की दोघी गोऱ्या होत्या म्हणून दोघींना एक घर घेता आले.

कारण प्रेमाला जागा लागते, आणि जागेचा कायदा गप्प नव्हता. ग्रूप एरियाज ॲक्टखाली एक गोरी आणि एक काळी स्त्री एका छपराखाली राहू शकत नव्हत्या. अपवाद एकच, मालकीण आणि मोलकरीण. शहरी भागातील आफ्रिकी लोकांविषयीच्या कायद्यांनी मालकाच्या आवारात राहणाऱ्या नोकरांना सवलत ठेवली होती. परसातली ती खोली वर्णभेदी शहराच्या रचनेतील एक स्थायी वास्तू होती. त्या खोलीत राहणाऱ्या स्त्रीचा नवरा तिथे रात्री राहिला तर तो गुन्हेगार. तिची मुले दूर कुणा आजीकडे. जॅकलिन कॉक यांनी 'मेड्स अँड मॅडम्स' (१९८०) या अभ्यासात या नात्याची चिरफाड केली आहे. म्हणजे भिन्न वंशांच्या दोन स्त्रियांना दिवसाचे चोवीस तास एकमेकींच्या निकट राहण्याची जी एकमेव परवानगी राज्याने दिली होती ती अशा नात्यात, ज्यात एकीच्या हाती दुसरीचा पास आणि पगार होता. त्या घरांत प्रेम कधी घडलेच नसेल असे कोण म्हणेल? पण जिथे नकार देता येत नाही तिथल्या होकाराला काय म्हणायचे, हा प्रश्न उरतो. कायद्याने स्त्री-स्त्री प्रेमाला हात लावला नाही; त्याने समान पातळीवर भेटण्याच्या सर्व जागा काढून घेतल्या.

आणि हे सारे 'आफ्रिकी परंपरेला' परके होते काय? दक्षिण आफ्रिकेच्या चारी बाजूंनी वेढलेल्या लेसोथोमध्ये म्फो म्'अत्सेपो न्थुन्या या स्त्रीचे 'सिंगिंग अवे द हंगर' हे आत्मकथन के. लिमाकात्सो केंडल यांनी संपादित करून १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात न्थुन्याबाई आपल्या तरुणपणीच्या म्'अलिनेओ या मैत्रिणीविषयी सांगतात. या नात्याला बासोथो लोकांत 'मोत्सोआले' असे नाव होते. दोघी विवाहित, मुलाबाळांच्या. त्यांच्या नात्यानिमित्त मेजवानी झाली, गाव आले, आणि दोघींचे नवरे त्या आनंदात सामील झाले. गोष्ट १९५० च्या दशकातली आहे. म्हणजे सरहद्दीपलीकडे सोळाव्या कलमाची भाषा घडत होती तेव्हाची. या नात्याला आजचे कोणतेही नाव चिकटवणे घाईचे होईल, आणि त्या पुरुषांची मान्यता कशाच्या बळावर होती (विवाह आणि अपत्ये सुरक्षित होती म्हणून?) हेही विचारले पाहिजे. तरीही एवढे निश्चित, की तिथे नात्याला शब्द होता आणि शब्दाला सोहळा. हिंदी समाजाच्या पुढ्यात असा शब्द नव्हता.

आता 'द वर्ल्ड अनसीन'कडे परतू. सरीफ यांचा जन्म लंडनचा, आईवडील दक्षिण आफ्रिकेतील हिंदी. कादंबरीच्या मुळाशी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आहेत. २००७ मध्ये त्यांनी स्वतःच तिचा चित्रपट केला. लिसा रे मिरियम आणि शीतल शेठ अमिना. कादंबरीला लोकप्रियता मिळाली ती एक धीट प्रेमकथा म्हणून. तिच्या रचनेकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथे आहे.

या कादंबरीत तीन निषिद्ध प्रेमे आहेत. ओमरची बहीण रहमत गोऱ्या माणसाशी लग्न करून परदेशी गेलेली आहे; ती परत येते तेव्हा पोलीस तिच्या मागावर असतात. अमिनाचा कलर्ड भागीदार जेकब आणि पोस्टात काम करणारी गोरी मॅडलिन यांच्यात एक नाजूक ओढ आहे, जी वाढूच शकत नाही. आणि तिसरे प्रेम अमिना-मिरियमचे. पहिली दोन कायद्याला माहीत आहेत. पोलीस कॅफेत येतात ते रहमतसाठी. त्यांच्या डोळ्यांसमोर अमिना उभी आहे; ती बिगरगोरी आहे, उद्धट आहे, पुरुषी पोशाखात आहे, ती फरारी स्त्रीला लपवते आहे, हे सर्व ते पाहतात. ती कुणावर प्रेम करते हे त्यांना दिसत नाही आणि दिसले तरी त्यासाठी त्यांच्यापाशी कलम नाही. कादंबरीचे शीर्षक सामान्यतः प्रेमिकांच्या स्वप्नातल्या जगाला लावले जाते. मला ते कायद्याच्या आंधळ्या ठिकाणाला लावावेसे वाटते. लेखिकेला तिसऱ्या प्रेमासाठी बाह्य संघर्ष हवा होता आणि कायदा तो पुरवत नव्हता. म्हणून तिने पहिल्या दोन प्रेमांतले पोलीस उसने आणले. ही उसनवारी कलादृष्ट्या काही ठिकाणी जाणवते, पण तिने ऐतिहासिक सत्य नकळत नेमके पकडले आहे.

मग अमिना-मिरियमच्या आड कोण येते? घर. ओमरचा धाक, सासरच्या माणसांची नजर, लोक काय म्हणतील हे वाक्य. बाहेर जायचे तर कारण हवे, आणि कारण नवऱ्याला पटायला हवे. म्हणून या प्रेमाची वाट रानटी उत्कटतेतून जात नाही. ती परसातल्या भाजीच्या वाफ्यातून आणि मोटार शिकण्याच्या तासांतून जाते. कामाच्या निमित्ताने भेट, आणि भेटीच्या निमित्ताने काम. स्टिअरिंगवर हात ठेवायला शिकणारी मिरियम हे कादंबरीतले सर्वांत प्रभावी चित्र आहे, कारण तिथे शरीराची जवळीक आणि स्वतःहून कुठेतरी जाऊ शकण्याची शक्यता एकाच कृतीत येतात. पोलिसांच्या पहाऱ्याची जागा येथे कुटुंबाने घेतली आहे. १९१३ मध्ये समाजाने ज्या घरासाठी तुरुंग पत्करला, तेच घर येथे पहारेकरी आहे. अमिनाची चूक समाजाच्या लेखी केवळ 'वाईट चाल' नाही. गोऱ्यांनी 'तुमच्या बायका बायकाच नव्हेत' असे म्हटलेले ज्या समाजाला स्मरते आहे, त्या समाजात पत्नीपण नाकारणारी स्त्री म्हणजे शत्रूच्या हाती पुरावा देणारी स्त्री.

येथे कायद्याचा आणखी एक तपशील ध्यानात घ्यावा लागतो. १९१७ मध्ये सीदात यांच्या प्रकरणात दक्षिण आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने मुस्लिम विवाहाला, तो हिंदुस्थानात झालेला असला तरी, मान्यता नाकारली होती. बहुपत्नीत्वाची शक्यता एवढेच कारण पुरे होते. म्हणजे मिरियम ओमरची कायदेशीर पत्नी नव्हतीच. गोऱ्या विवाहितेवर रोमन-डच कायद्याने नवऱ्याची सत्ता चाले, तिला जवळजवळ अज्ञान व्यक्तीचा दर्जा असे. ही सत्ता १९८४ च्या कायद्याने मोडीत निघेपर्यंत टिकली. मिरियमवर ती सत्ता तांत्रिकदृष्ट्या नव्हती. कायद्याच्या लेखी ती मोकळी, अविवाहित, सज्ञान स्त्री होती! पण या मोकळेपणाचा अर्थ एवढाच, की तिला पोटगी नाही, वारसा नाही, आणि तिची मुले अनौरस. राज्याने तिचा विवाह पाहिला नाही आणि तिचे प्रेमही पाहिले नाही. दोन्ही न पाहण्यांचा फायदा एकालाच झाला, घराला. शिवाय १९५३ च्या कायद्याने हिंदुस्थानातून नव्या बायका आणण्याची वाटच बंद केली. कथाकाळ १९५२ चा. मिरियम ही त्या अखेरच्या वधूंपैकी एक. तिच्या मागून माहेरची कोणी येणार नव्हती. कादंबरीत हा कायदा येत नाही, परंतु मिरियमचा एकटेपणा वाचताना तो आठवल्याशिवाय राहत नाही.

कादंबरीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. आफ्रिकी माणसे तिच्यात कडेलाच राहतात. कॅफेच्या स्वयंपाकघरात आणि दुकानाच्या ओट्यावर त्यांचे अस्तित्व जाणवते, अंतरंग नाही. दोन हिंदी स्त्रियांचे प्रेम वर्णरेषा ओलांडत नसल्यामुळे वंशाचा प्रश्न त्यांच्या नात्याच्या आत न येता भोवताली राहतो. अमिनाचा आत्मविश्वासही १९५२ चा कमी आणि २००१ चा अधिक वाटतो. लैंगिक कलामुळे भेदभाव करण्यास बंदी घालणारे संविधान १९९६ मध्ये झाल्यानंतर लिहिलेले हे पुस्तक आहे आणि त्या पहाटेचा उजेड त्याच्या पानांवर मागे जाऊन पडला आहे. पुराव्याच्या अभावी ललित लेखनाला पुरावा मानण्याची आपल्याकडे हल्ली बळावलेली सवय म्हणूनच जपून वापरली पाहिजे. ही कादंबरी १९५२ मधील दोन स्त्रियांविषयीची साक्ष नाही. अशी साक्ष का मिळत नाही, याची ती रचनेच्या पातळीवरची साक्ष आहे. आणि तेवढ्यासाठी ती मला पेटन यांच्या अधिक बांधीव कादंबरीइतकीच मोलाची वाटते.

नोंद नसण्याचे दुःख दक्षिण आफ्रिकेतील पुढच्या पिढीने ओळखले. जोहान्सबर्गला १३ ऑक्टोबर १९९० रोजी पहिला अभिमान मोर्चा निघाला. मार्क गेव्हिसर आणि एडविन कॅमरन यांनी संपादित केलेला 'डिफायंट डिझायर' हा ग्रंथ १९९४ मध्ये आला. बेव्हर्ली डित्सी हिने १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेत समलिंगी स्त्रियांच्या हक्कांचा विषय मांडला. झनेले मुहोली यांनी २००६ पासून 'फेसेस अँड फेजेस' या मालिकेत कृष्णवर्णी समलिंगी स्त्रियांची एकेक छायाचित्रे काढली. समोर पाहणारे चेहरे, नावानिशी. पोलिसांच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या फ्यूगार्डच्या नाटकातील जोडप्याशेजारी ही छायाचित्रे ठेवून पाहावीत. २००८ मध्ये राष्ट्रीय संघातून खेळलेली फुटबॉलपटू युडी सिमेलाने हिचा क्वा-थेमा येथे खून झाला. संविधानाने पाहिले, तेव्हा गल्लीनेही पाहिले.

विवाहाचा प्रश्न मात्र जिथे सुरू झाला होता तिथेच पुन्हा आला. १ डिसेंबर २००५ रोजी मारी फूरी आणि सेसिलिया बॉन्थाइस या दोन स्त्रियांच्या प्रकरणात संविधान न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहातून वगळणे घटनाबाह्य ठरवले, आणि ३० नोव्हेंबर २००६ पासून सिव्हिल युनियन ॲक्ट लागू झाला. मुस्लिम रीतीच्या विवाहाला मान्यता नाकारणारा १९८३ चा इस्माइल निर्णय तोवर मागे पडू लागला होता. वारसाहक्कासारख्या काही बाबतींत न्यायालयांनी तुकड्यातुकड्याने दिलासाही दिला होता. पण विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्यांनी निव्वळ निकाहाला वगळणे घटनाबाह्य आहे, असे संविधान न्यायालयाने म्हटले ते २८ जून २०२२ रोजी, बाई मरियमच्या प्रकरणानंतर एकशे नऊ वर्षांनी. मधल्या साडेपंधरा वर्षांत मिरियम आणि अमिना नोंदणी कार्यालयात जाऊन एकमेकींशी रीतसर विवाहबद्ध होऊ शकल्या असत्या. मिरियमचा ओमरशी झालेला निकाह मात्र त्याच कार्यालयाच्या लेखी विवाह नव्हता.